मचाणावरची थंडी: हलके उबदार थर कसे निवडावेत आणि कोणता कुठे अंगावर घ्यावा

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन, मिशिगन, मिनेसोटा या पट्ट्यात नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला जाणाऱ्या मराठी मंडळींची एक ठरलेली तक्रार असते: “एवढे महागडे कपडे घेतले, तरी नऊ वाजता दात वाजायला लागले.” चौकशी केली तर कपडे बहुतेकदा बरे असतात, पण ते अंगावर घेण्याचा क्रम चुकलेला असतो. सगळं गाडीपाशीच चढवायचं, अंधारात पाऊण तास चालायचं, घामाघूम होऊन झाडावर चढायचं आणि मग ओल्या अंगाने चार तास पुतळ्यासारखं बसायचं. या क्रमाने गेलात तर कुठलंही जॅकेट तुम्हाला वाचवणार नाही.

चालणारा माणूस आणि बसलेला माणूस यांच्या गरजा अगदी वेगळ्या असतात. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचं शरीर साधारण १०० वॉट उष्णता तयार करतं. पाठीवर ओझं घेऊन चढ-उताराच्या जंगलात चालताना ती चार-पाचपट होते. म्हणून खरेदी करताना दोन वेगळे संच डोळ्यांपुढे ठेवा: चालताना अंगावर असेल तो, आणि सॅकमधून नेला जाईल तो. हलकेपणाचं महत्त्व आहे ते या दुसऱ्या संचापुरतं. जड कपडा पाठीवर नेणं नकोसं होतं, मग माणूस तो अंगावरच घालतो आणि घाम येतो.

भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे, तेव्हा हा लेख तिकडे राहणाऱ्यांसाठी आहे. अर्थात स्पिती किंवा लडाखमध्ये हिमबिबट्याच्या वाटेकडे डोळे लावून तासन्‌तास बसणाऱ्यांना हार्नेस (झाडावरून पडू नये म्हणून अंगावर बांधायचे सुरक्षा-पट्टे) आणि शिकाऱ्याच्या नारंगी कपड्यांचा भाग सोडला, तर बाकीचं जसंच्या तसं लागू पडेल.

१. खरेदीआधी चार गोष्टी कागदावर लिहा

पहाटेचं तापमान, वारा, चालण्याचा वेळ आणि बसण्याचा वेळ. दुकानात शिरण्याआधी या चार आकड्यांची उत्तरं हवीत.

तापमान दुपारचं धरू नका. सर्वांत कडक गारठा सूर्योदयाच्या आसपास असतो, आणि त्याच वेळी तुम्ही नुकते चालून, घामेजून वर बसलेले असता. वाऱ्याचं गणित तर बहुतेकजण करतच नाहीत. २० अंश फॅरनहाइट, म्हणजे उणे ७ सेल्सिअस तापमानात ताशी १० मैल वारा असेल, तर उघड्या कातडीला ते ९ फॅरनहाइटसारखं, म्हणजे उणे १३ सेल्सिअससारखं लागतं. शिवाय पानं गळलेल्या जंगलात १५-२० फुटांवर वारा जमिनीपेक्षा जास्त असतो. खाली उभं राहून “आज काही विशेष नाही” असं ठरवलं की फसगत ठरलेली.

तपासा: बसण्याचा वेळ दोन तासांपेक्षा जास्त असेल, तर हवामानाच्या अंदाजापेक्षा १० फॅरनहाइट कमी तापमान धरून थर निवडा. हा माझा ढोबळ नियम आहे. अजून तरी त्याने मला दगा दिलेला नाही.

२. अंगालगतचा थर: पातळ, घट्ट, सुताचा अंश नसलेला

इथे पर्याय दोनच, मेरिनो लोकर किंवा पॉलिएस्टर. सुती बनियन, सुती अंतर्वस्त्रं, सुती मोजे यांपैकी काहीही नको. सूत घाम शोषून घेतं आणि लवकर वाळत नाही. भारतातून आणलेल्या ‘थर्मल’च्या संचात सुताचं प्रमाण बरंच असू शकतं. लेबल वाचा.

मेरिनो प्रति चौरस मीटर १५० ते २०० ग्रॅम वजनाची पुरे. २५० ग्रॅमची जाड मेरिनो दुकानात हाताला छान लागते, पण चालताना तीच आधी भिजते आणि सर्वांत उशिरा वाळते. पॉलिएस्टर स्वस्त असतं आणि लवकर वाळतं, मात्र त्याला घामाचा वास चिकटून राहतो. हरणाच्या नाकापुढे हा दोष लहान नाही. मी वरच्या अंगाला मेरिनो आणि खाली पॉलिएस्टर वापरतो. पाठ सॅकखाली जास्त भिजते, म्हणून कोणी याच्या अगदी उलट मत मांडेल, आणि तेही चुकीचं नाही.

३. मधला थर: चालताना अंगावर राहणारा

पातळ फ्लीस (मऊ, केसाळ कृत्रिम कापड), शक्यतो आतून चौकटीची वीण असलेलं, आणि पुढे अर्धी चेन. या चौकटींच्या खाचांतून वाफ बाहेर जाते. १०० वजनाचं फ्लीस (आकडा मोठा तितकं कापड जाड) चालण्याला पुरतं, २०० वजनाचं बसण्यासाठी सॅकमध्ये ठेवावं. ३०० चं फ्लीस जाडजूड असतं आणि त्याच वजनात चांगलं पफी, म्हणजे आत भरण असलेलं फुगीर जॅकेट येतं, तेव्हा त्यावर पैसे घालवू नका.

सावधान: गाडीतून उतरल्यावर पहिली पाच मिनिटं अंगाला थंडी वाजली पाहिजे. निघतानाच उबदार वाटत असेल, तर एक थर जास्त आहे. तो तिथेच काढा.

४. मुख्य ऊब: पिसं की कृत्रिम भरण

इथेच बहुतेक पैसे खर्च होतात आणि इथेच बहुतेक चुका होतात.

डाऊन म्हणजे बदक-हंसाची मऊ पिसं. तेवढ्याच वजनात याहून जास्त ऊब देणारं भरण बाजारात सहसा मिळत नाही. पण जॅकेटवर ठळक छापलेला ६५०, ८०० असा ‘फिल पॉवर’चा आकडा म्हणजे ऊब नव्हे. ठराविक वजनाची पिसं किती फुगतात याचं ते माप आहे. ८०० चं जॅकेट ६५० च्या जॅकेटपेक्षा उबदार असेलच असं नाही, तेवढीच ऊब ते कमी वजनात देतं इतकंच. विचारायचं ते भरणाचं वजन. विमानतळावर सगळ्यांच्या अंगावर दिसणाऱ्या अतिपातळ जॅकेटांत अनेकदा १०० ग्रॅमपेक्षाही कमी पिसं असतात. ती चालणाऱ्याची जॅकेटं. उणे ५ च्या खाली निश्चल बसायचं तर मी दीडशे ग्रॅमच्या आतलं काही घेणार नाही.

डाऊनचा शत्रू म्हणजे ओल. पिसं भिजली की गोळा होतात आणि फुगारा जातो. कृत्रिम भरण ओलं झालं तरी बरीच ऊब टिकवतं, पण तेवढ्याच ऊबेला जड पडतं, आणि वारंवार दाबून भरलं की काही हंगामांत त्याचाही फुगारा कमी होतो.

मग घ्यायचं कोणतं? लोक म्हणतात, कडक थंडीला डाऊन. त्यात खरी गोष्ट ओलाव्याची आहे. विस्कॉन्सिनचा नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो. त्या दिवसांत पारा पुष्कळदा शून्य सेल्सिअसच्या आसपास घुटमळतो, कधी भुरभुर पाऊस, कधी ओला बर्फ. तिथे कृत्रिम भरण. डिसेंबरअखेरच्या धनुष्याच्या शिकारीत उणे १२-१५ ला हवा कोरडी ठणठणीत असते, बर्फ झटकला की पडतो. तिथे डाऊन. एकच घेणं परवडत असेल तर कृत्रिम घ्या.

मापाबद्दल. आतल्या दोन्ही थरांवर हे जॅकेट सैल बसलं पाहिजे. ऊब असते ती भरणात अडकलेल्या हवेत. ती दाबली गेली की उशीची चादर झाली म्हणून समजा. दुकानात जाताना आतले थर अंगावर घालूनच जा, दोन्ही हात पुढे करून स्वतःला मिठी मारा. पाठीवर ताण आला तर एक माप मोठं घ्या.

सावधान: पफी जॅकेटचं नायलॉन सळसळतं. शांत पहाटे धनुष्य ओढताना होणारा तो आवाज २० यार्डांवरच्या हरणाला नक्की ऐकू जातो. म्हणून पफी सर्वांत बाहेर कधीही नको. आणि शहरात वापरायचं निळं जॅकेट असेल, तर ते पूर्ण झाकलं जाईल याची खात्री करा. हरणांना नारंगी रंग आपल्यासारखा दिसत नाही, पण निळा चांगला दिसतो.

५. कमरेखालचा भाग, ज्याकडे कोणी बघत नाही

वरच्या अंगाला चार थर आणि खाली एक थर्मल, एक पँट: हे चित्र इतकं नेहमीचं आहे की नऊ वाजता दात वाजण्याचं अर्धं कारण यातच असावं असं मला वाटतं. बसल्यावर मांड्या वाऱ्याला थेट सामोऱ्या जातात आणि खालून बैठक ऊब खेचून घेते.

चालताना पातळ थर्मल आणि वर साधी, लवकर वाळणारी पँट. सॅकमध्ये भरण असलेली बिब, म्हणजे छातीपर्यंत येणारी, खांद्यावर पट्टे असलेली विजार. तिच्या दोन्ही बाजूंना घोट्यापासून कमरेपर्यंत पूर्ण चेन हवी. अर्ध्या चेनची बिब स्वस्त मिळते, पण ती चढवायला बूट काढावे लागतात. पहाटेच्या अंधारात, बर्फात, एका पायावर उभं राहून हे करून पाहा, म्हणजे जास्तीचे पैसे कशाचे ते कळेल.

बसायला बंद पेशींच्या फोमची चटई, साधारण एक इंच जाड. कपड्यातलं भरण तुमच्या वजनाखाली चपटं होतं, हा फोम होत नाही. दुसरा तसाच तुकडा पायांखाली. मचाणाची पायाखालची धातूची जाळी बुटांच्या तळातून ऊब ओढत राहते, आणि हा अगदी थोड्या पैशांचा तुकडा कधीकधी नव्या बुटांपेक्षा जास्त कामाला येतो.

मोजे एक पातळ, एक जाड, एवढंच. तिसरा घातला तर बूट घट्ट होतो, रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट लवकर बधिर होतात. लोखंडाच्या भुकटीच्या ऊब-पुड्या बुटात घालणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की त्या हवेतल्या ऑक्सिजनवर चालतात. घट्ट बुटात त्या विझल्यासारख्या होतात. पायांवरून चढवायचं सैल आवरण, ज्याला बूट-ब्लँकेट म्हणतात, त्यात बुटाच्या बाहेरून लावा.

६. बाहेरचं कवच: आवाज, वारा आणि नारंगी

बाहेरचा कपडा लोकरीच्या किंवा खरवडलेल्या फ्लीसच्या पृष्ठभागाचा हवा, आत वारा अडवणारा पडदा, आणि पाठीवर खांद्यांच्या मधोमध हार्नेसची दोरी बाहेर काढण्यासाठी फट. ही फट नसेल तर कितीही सवलत असो, ते जॅकेट घेऊ नका. दुकानात बाही नखाने खरवडून पाहा. कुरकुर ऐकू आली तर परत ठेवा.

रंगाच्या बाबतीत कायद्याकडे बघा. विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीच्या हरीण-हंगामात कमरेवरच्या बाहेरच्या कपड्यांचा निदान ५० टक्के भाग झगझगीत नारंगी किंवा गुलाबी असावा लागतो, टोपी घातली तर तिचाही. त्या दिवसांत धनुष्य घेऊन जाणाऱ्यालाही हाच नियम आहे. इतर राज्यांचे तपशील वेगळे आहेत, त्या वर्षीची नियमपुस्तिका उघडून बघा.

सावधान: नारंगी जॅकेट सॅकमध्ये ठेवून फ्लीसवर चालत निघणं ही हलक्या थरांच्या पद्धतीतली सर्वांत धोकादायक चूक आहे. जाण्या-येण्यासाठी एक पातळ नारंगी बंडी वेगळी ठेवा. सॅक पाठीवरचा नारंगी झाकते, म्हणून सॅकवरही नारंगी आवरण घाला.

डोकं, मान, हात याबद्दल थोडक्यात. शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते ही समजूत खरी नाही, डोक्यातून ती साधारण त्याच्या आकाराच्या प्रमाणात जाते. तरी गळपट्टा आणि कान झाकणारी टोपी हवीतच, कारण वजनाच्या मानाने त्यांचा उपयोग खूप आहे. दोन्ही गोष्टींची कोरडी जोडी सॅकमध्ये ठेवा. हातांना पातळ मोजे आणि कमरेला बांधायची, दोन्ही बाजूंनी हात घालता येणारी उबदार पिशवी. जाड हातमोज्यांनी घोडा नीट समजत नाही आणि धनुष्याची प्रत्यंचाही नीट सुटत नाही.

७. हार्नेस कुठल्या थरावर?

हा प्रश्न आधी सुटला पाहिजे, कारण बाकीचा क्रम यावरच ठरतो.

पूर्ण अंगाचा हार्नेस, आणि जमिनीवरून पाय उचलण्याआधीच तो झाडावरच्या सुरक्षा-दोराला जोडलेला. इथपर्यंत वाद नाही. आता विचार करा: हार्नेसची दोरी झाडाला जोडलेली असताना वर बसून जॅकेट घालायचं असेल, तर ती दोरी पाठीच्या फटीतून ओवण्यासाठी सोडावी लागेल. १८ फुटांवर, अंधारात, थंड बोटांनी. हे कधीही करू नका. म्हणजेच धडावरचे आणि पायांवरचे सगळे थर झाडाच्या बुंध्याशी, जमिनीवरच चढवायचे. वर गेल्यावर फक्त हार्नेसशी संबंध नसलेल्या गोष्टी: टोपी, गळपट्टा, हातमोजे, हातांची पिशवी, पायांवरची आवरणं.

आतून बाहेर क्रम असा: अंगालगतचा थर, फ्लीस, बिब, पफी जॅकेट, हार्नेस, त्यावर बाहेरचं कवच, आणि कवचाच्या फटीतून दोरी बाहेर. हार्नेसचे पट्टे पफीला काही ठिकाणी दाबतात, तेवढं सोसायचं. पफीच्या फुगाऱ्यामुळे पट्टे ढिले ठेवणं मात्र चालणार नाही.

तपासा: पूर्ण पोशाखात पट्टे आवळल्यावर मांडीच्या पट्ट्याखाली हाताचा पंजा सपाट जावा, मूठ जाऊ नये. फ्लीसवर जुळवलेला हार्नेस पफीवर पुन्हा जुळवावाच लागतो.

८. हंगामाआधी घरी चाचणी

एखादी थंड पहाट निवडा. चालण्याचा संच घालून सॅकसह वीस-पंचवीस मिनिटं भरभर चाला. मग मागच्या अंगणात उरलेले थर चढवा, खुर्चीवर फोम टाकून दोन तास न हलता बसा. मोबाइल चालेल, चहा नको. कुठे आधी गार पडतं ते लिहून ठेवा: गुडघे, मनगटं, पाठीचा खालचा भाग. मनगटात गारठा म्हणजे बाह्या आखूड. पाठीत गारठा म्हणजे घाम वाळलेला नाही.

त्याच पोशाखात धनुष्य ओढून पाहा. फुगलेली बाही प्रत्यंचेला लागत असेल तर मनगट ते कोपर आवळणारा पट्टा लागेल. बंदूकवाल्यांनी ती रिकामी असल्याची दोनदा खात्री करून खांद्याला लावून बघावी. जाड थरांमुळे दस्ता काखेत अडकतो आणि डोळा दुर्बिणीपासून मागे राहतो.

९. प्रत्यक्ष सकाळचा क्रम

सॅक भरताना सगळ्यात खाली कवच, मग पफी, मग बिब, वर हार्नेस आणि कोरडी टोपी. गाडीपाशी चालण्याचा संच, नारंगी बंडी, चेन उघडी, टोपी शक्यतो पातळ. नेहमीपेक्षा पंधरा मिनिटं आधी निघा आणि मुद्दाम सावकाश चाला. कपाळावर घाम आला तर थांबा.

झाडापाशी पोचल्यावर लगेच काही चढवू नका. पाच-दहा मिनिटं उभे राहा, वाफ जाऊ द्या. पाठ ओली लागली आणि धीर असेल तर आतला सदरा बदला. ते एक मिनिट भयंकर असतं, पण पुढचे चार तास सुखाचे जातात. मग बिब, पफी, हार्नेस, कवच याच ओळीने. अंगाला हलकी थंडी वाजू लागण्याच्या बेतात हे सुरू करा. कुडकुडायला लागल्यावर कपडे चढवणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं, कारण हे थर ऊब तयार करत नाहीत, आहे ती धरून ठेवतात.

स्वतः चढत जाणारं, म्हणजे खोडाला आवळत वर सरकवायचं मचाण असेल तर चढण्यातही घाम येतो. कवच आणि पफीच्या चेन उघड्या ठेवून सावकाश चढा, वर गेल्यावर दहा मिनिटांनी लावा. शिडीच्या मचाणाला हा प्रश्न नाही.

सावधान: चढताना हात रिकामे. सॅक आणि पूर्ण रिकामी केलेली बंदूक वर बसून, दोरी लागल्याची खात्री करून, दोराने ओढून घ्यायची.

१०. तीन तापमानांसाठी मोजमाप

४० फॅरनहाइट, म्हणजे ४-५ सेल्सिअस: पातळ मेरिनो, १०० चं फ्लीस, भरणाची बिनबाह्यांची बंडी, कवच. बिब बिनभरणाची चालेल.

२५ फॅरनहाइट, म्हणजे उणे ४: वरचाच संच, पण बंडीऐवजी पूर्ण बाह्यांचं कृत्रिम भरणाचं जॅकेट आणि भरण असलेली बिब. फोमचे दोन्ही तुकडे.

१० फॅरनहाइट, म्हणजे उणे १२: बंडी आणि जॅकेट दोन्ही, एकावर एक, म्हणून जॅकेट सैल हवं. पायांवर आवरणं, त्यात ऊब-पुड्या. बॅटरीवर तापणारी बंडी असेल तर तिला जादा समजा. थंडीत लिथियम बॅटरी लवकर उतरते, तेव्हा तिच्या भरवशावर एखादा थर घरी ठेवू नका.

११. वर बसल्यावर, आणि उतरायचं कधी

दर वीस मिनिटांनी बुटातली बोटं, मांड्या, पोटऱ्या जागच्या जागी आवळा-सोडा. काहीतरी चरबीचं खात राहा, शेंगदाण्याची चिक्की उत्तम, फक्त तिचं चुरचुरणारं वेष्टन घरीच काढा. थंडीत लघवी जास्त होते. पाणी कमी पिणं हा त्यावरचा उपाय नाही, रुंद तोंडाची बाटली हा आहे.

कुडकुडणं थांबत नसेल, चेनचा खटका बोटांना सापडत नसेल, किंवा सोबत्याशी बोलताना शब्द अडखळत असतील, तर खाली उतरा. उतरताना पकड लागते. ती शाबूत असेपर्यंतच उतरणं सुरक्षित असतं. हरीण समोरच्या झुडपात असलं तरीही.

१२. घरी आल्यावर

पफी सॅकमध्ये तसंच कोंबून ठेवू नका, त्याच संध्याकाळी बाहेर काढून सैल टांगा. धुण्यासाठी बिनवासाचा आणि कपडे उजळवणारी रसायनं नसलेला साबण घ्या, ती रसायनं हरणाच्या डोळ्यांना चमकतात. डाऊन ड्रायरमध्ये मंद आचेवर दोन-तीन टेनिसचे चेंडू टाकून वाळवा. वरून कोरडं लागलं तरी आत गोळे हाताला लागत असतील, तर आणखी एक फेरी. हंगाम संपल्यावर हँगरला लावून ठेवा, दाबाच्या पिशवीत नाही.